एक पत्र आमदाराला, एक पत्र खासदाराला

(कर्ज आणि कायदा या विषयावर जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. गावोगावच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



मेळाव्याला येताना प्रत्येकाने एकच वस्तू बरोबर आणावी असा निरोप गावोगाव दिला होता. बँकेचं पासबुक किंवा सोसायटीचा खातेउतारा. बऱ्याच जणांनी आणलेला दिसतो. ज्यांनी आणला नाही त्यांनी शेजाऱ्याच्यात डोकावून पाहावं, तिथेही आकडे तेच आहेत.

आज आम्ही कर्जमाफीवर बोलणार नाही. १९९० साली दहा हजारांपर्यंतची माफी झाली. २००८ साली केंद्राची झाली. २०१७ साली राज्याची झाली, २०१९ साली पुन्हा झाली. प्रत्येक वेळी यादी लागली, प्रत्येक वेळी कुणाचं नाव आलं, कुणाचं राहिलं. आणि प्रत्येक वेळी दोन-चार हंगामांत खातं पुन्हा भरलं. कारण माफीनं खात्यातला आकडा पुसला जातो, खातं फुगवणारा नियम तसाच राहतो. आज बोलायचं आहे ते त्या नियमाबद्दल. तो नियम कायद्यात आहे. कायदा मुंबई-नागपूरच्या आणि दिल्लीच्या सभागृहात बनतो. तिथे आपली माणसं बसलेली आहेत, आपण मतं देऊन पाठवलेली. त्यांना आपण लग्नाच्या पत्रिका पाठवतो, सप्त्याचं आमंत्रण पाठवतो. कर्जाच्या कायद्याबद्दल पत्र किती जणांनी पाठवलं? हात वर करा म्हटलं तर फार हात वर येणार नाहीत.

दामदुप्पट म्हणजे काय

आपल्या आजा-पणज्याला एक शब्द पाठ होता. दामदुप्पट. अर्थ सरळ आहे. शंभर रुपये घेतले तर व्याजापोटी शंभरापेक्षा जास्त येणं निघू शकत नाही. किती वर्षं गेली, करार काय होता, अंगठा कशावर घेतला, काही असो. मुद्दल आणि मुद्दलाएवढं व्याज, तिथे वाढ थांबली. हा धर्मशास्त्रातला जुना नियम. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला.

पण नियम असून उपयोग कसा नव्हता ते १८७५ साली दिसलं. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते कर्जाचे रोखे. रोखे ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे, हा त्या उठावाचा गाभा होता. पुढे तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी कमिशन नेमलं. तोवर कोर्टात काय चालायचं? रोख्यावर जो आकडा लिहिला तोच खरा. मूळ हातात किती पडले, आतापर्यंत किती फेडले, व्याजाचं मुद्दल किती वेळा केलं, हे विचारायची सोय नव्हती.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा कायदा झाला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्यातली मोठी गोष्ट ही की रोख्याच्या मागे जाऊन सगळा हिशेब उघडायचा अधिकार कोर्टाला मिळाला. पुढे १९१८ साली जबर व्याजाच्या कर्जांविषयीचा कायदा आला, त्यानेही कोर्टाला खातं पुन्हा उघडायची ताकद दिली. आपल्या वऱ्हाड-मध्यप्रांतात १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा झाला. परक्या सरकारचे हे कायदे होते. त्यात पळवाटा होत्या, सावकारांनी त्या शोधल्याही. पण तत्त्व मान्य झालं होतं: कर्जदार शेतकऱ्याचं खातं न्यायाधीशापुढे उघडता येतं.

आता पुढचं ऐका. हे तत्त्व बँकांच्या बाबतीत आपल्याच संसदेने काढून घेतलं. बँकिंग नियमन कायदा १९४९ चा. त्यात दुरुस्ती करून २१-अ हे कलम घातलं गेलं आणि १९८४ साली ते लागू झालं. ते सांगतं की १९१८ चा कायदा असो किंवा कर्जबाजारीपणाविषयीचा राज्याचा कोणताही कायदा असो, बँकेने लावलेला व्याजाचा दर जास्त आहे या कारणावरून कोणतंही कोर्ट बँक आणि कर्जदार यांच्यातला व्यवहार पुन्हा उघडणार नाही.

इंग्रजाने सावकाराची वही कोर्टात उघडायला लावली. आपण बँकेची वही मिटवून ठेवली. कारखानदाराला आणि कोरडवाहू कास्तकाराला एकच कलम लागलं. कारखानदाराकडे वकील आहे, कर्जाची पुनर्रचना आहे. कास्तकाराकडे काय आहे?

आकडा कसा चालतो

बियाण्याच्या उगवणीचं आम्ही तुम्हाला काय सांगावं, ते तुम्हाला कळतं. व्याजाच्या उगवणीचं मात्र एकदा कागदावर मांडून पाहू.

समजा एक लाखाचं कर्ज आहे. थकलं. थकल्यावर सरकारची व्याजसवलत गेली. दर बारा टक्के धरू आणि सहा महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवलं असं धरू. पाव तासाचं गणित आहे, शाळेतल्या पोराला बसवा. सहा वर्षांत लाखाचे दोन लाख होतात. दहा वर्षांत तीन लाख वीस हजार. चक्रवाढ न करता साधं बारा टक्के लावलं तर दहा वर्षांत दोन लाख वीस हजार. आणि दामदुप्पट लावली तर? दोन लाख. त्याच्या पुढे एक रुपया नाही.

म्हणजे तीन लाख वीस हजार आणि दोन लाख यांच्यात फरक एक लाख वीस हजारांचा. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्या भावाने हा फरक म्हणजे साडेपंधरा क्विंटल कापूस. ज्वारीत मोजायचं तर संकरित ज्वारीचा त्या हंगामाचा हमीभाव ३,६९९ रुपये, म्हणजे बत्तीस क्विंटलच्या वर ज्वारी. कोरडवाहूत तेवढा माल काढायला किती एकर आणि किती हंगाम लागतात ते ज्याचं त्याने मनात मोजावं. आणि हा माल मुद्दल फेडायला जात नाही. तो फक्त व्याजाला जातो.

इथे कुणी म्हणेल, थकवलंच कशाला? वेळेवर भरा, तीन लाखांपर्यंत शून्य टक्के आहे. खरं आहे. राज्यात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे आणि वेळेवर भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. ज्याला जमेल त्याने ती सवलत जरूर घ्यावी. पण मृगात पेरलं आणि पावसाने वीस दिवस दडी मारली, दुबार पेरणी झाली, पात्या गळल्या, बोंड सडलं, बोंडअळी आली, तर मार्चअखेरीला भरायचं कुठून? कोरडवाहू पीक पावसाच्या तारखेने येतं. बँकेची तारीख कॅलेंडरवर छापलेली असते. या दोन तारखा जुळल्या नाहीत की माणूस थकबाकीदार. त्यात त्याची नियत कुठे आली? एकदा थकला की नवं कर्ज बंद. नवं कर्ज बंद झालं की तो सावकाराकडे किंवा फायनान्सवाल्याकडे जातो. तिकडचं फेडताना बँकेचं तसंच राहतं आणि बँकेचा आकडा आपल्या चालीने वाढत राहतो. या जिल्ह्यातल्या किती घरांत कर्ता माणूस या दोन आकड्यांच्या मधे सापडला आणि गेला, ते या मंडपात बसलेल्या मायबहिणींना आम्ही सांगायला नको.

चार दारं, चार कायदे

आपण चार दारांशी कर्ज मागतो. कृषी केंद्रातली उधारी हा वेगळा विषय आहे, तो आज बाजूला ठेवू. या चार दारांवर दामदुप्पट लागू आहे का ते एकेक करून पाहू.

पहिलं दार सावकाराचं. १९४६ चा जुना कायदा जाऊन महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. शेतकऱ्याला तारणावर नऊ टक्के आणि विनातारण बारा टक्के, यापेक्षा जास्त दर नाही असं सरकारने २०१४ साली ठरवून दिलं. चक्रवाढ नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही. गहाणाच्या पोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर १८ व्या कलमाखाली जिल्हा निबंधक चौकशी करून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. गावात काय चालतं ते तुम्ही जाणता, आम्हीही जाणतो. पण कागदावर इथे दामदुप्पट आहे. इथे लढाई अंमलबजावणीची आहे.

दुसरं दार सोसायटीचं आणि जिल्हा बँकेचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या ४४-अ कलमात मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करण्यावर मर्यादा घातलेली आहे. कलम आहे हेच पुष्कळ सभासदांना ठाऊक नाही. सचिवाला विचारा. सचिवाला ठाऊक नसेल तर सहायक निबंधकाला लेखी विचारा.

तिसरं दार राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँकांचं. इथे कायद्यात दामदुप्पट नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत एक ओळ आहे: अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदतीच्या शेतीकर्जात खात्यावर टाकलेलं एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये. ओळ चांगली आहे. रिझर्व्ह बँकेचा निर्देश मोडून व्याज लावलं असेल तर दादही मागता येते. पण ती ओळ फक्त पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला आहे आणि फक्त अल्पमुदतीच्या कर्जाला आहे. विहिरीचं कर्ज, बैलजोडीचं, पाइपलाइनचं, मध्यम मुदतीत फिरवलेलं पीककर्ज, हे सगळं बाहेर. आणि निर्देश हा निर्देश असतो. काढणारा तो बदलूही शकतो, त्याला सभागृहात मत मागावं लागत नाही.

चौथं दार फायनान्स कंपन्यांचं, बचत गटाच्या नावाने घरापर्यंत येणाऱ्या मायक्रोफायनान्सचं. हे दार बहुतेक घरांत बायकांच्या नावाने उघडलेलं आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या अशा कंपन्यांना राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या व्याजावरची वरची मर्यादा गेली. चांगल्या गोष्टीही त्यात आहेत. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येऊ नये. मायबहिणींनो, हे लक्षात ठेवा आणि येणाऱ्याला तोंडावर सांगा. पण व्याज मुद्दलावर जाऊ नये असा कायदा तिथेही नाही.

आता बेरीज करा. गावातल्या सावकाराला दामदुप्पट आहे. गावातल्या सोसायटीला आहे. मोठ्या बँकेला आणि मोठ्या कंपनीला नाही. जो जितका मोठा, त्याला तितका मोकळा हात.

पाच एकरांची रेघ

या निर्देशातल्या पाच एकरांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेतकी कॉलेजात आम्हाला जमिनीचे प्रकार शिकवले. भारी, मध्यम, हलकी, बरड. मातीची खोली मोजायला शिकवलं, ओल किती दिवस टिकते ते शिकवलं. पाच एकर म्हणजे पाच एकर असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कॅनॉलखालच्या तीन एकरांत ऊस उभा आहे आणि माळावरच्या आठ एकरांत कापूस-तूर आहे, यात अल्पभूधारक कोण? कागद म्हणतो ऊसवाला. माळावरचा मोठा शेतकरी ठरतो!

हा घाव नवा नाही. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी मिळाली. त्याच्या वरच्याला पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सोडू, असं सांगितलं. जो पंचाहत्तर टक्के भरू शकत होता तो थकलाच कशाला असता? कोरडवाहू मुलखात सात-आठ-दहा एकरवाले घाऊक बाहेर राहिले. ऊसवाल्याशी आपलं भांडण नाही, त्यालाही व्याज सुटलेलं नाही. भांडण रेघेशी आहे. म्हणून आपल्या पत्रात हे तीन शब्द आलेच पाहिजेत: जमिनीची मर्यादा नको.

कोणतं पत्र कुणाला

आता कामाचं. निवेदनं आपण पुष्कळ देतो. एका कागदावर वीज, पाणी, भाव, विमा, रस्ता, कर्ज, अशा पंधरा मागण्या लिहितो. वीस जण जाऊन फोटो काढतो. साहेब कागद स्वीय सहायकाकडे देतात आणि कागद तिथे संपतो. पंधरा मागण्यांच्या कागदाचं कुणी काही करू शकत नाही. शिवाय निम्म्या मागण्या ज्याला दिल्या त्याच्या हातातल्या नसतात. आमदाराला रिझर्व्ह बँकेचं सांगतो आणि खासदाराला सोसायटीच्या सचिवाचं.

राज्यघटनेने कामं वाटून दिली आहेत. बँकिंग हा केंद्राच्या यादीतला विषय. सहकारी संस्था राज्याच्या यादीत. आणि राज्याच्या यादीतली तिसावी नोंद नीट ऐका: सावकारी आणि सावकार, कृषिविषयक कर्जबाजारीपणापासून मुक्तता. शेतकऱ्याचं कर्जबाजारीपण हा राज्याचा विषय आहे, असं घटना म्हणते.

या नोंदीचं वजन किती आहे ते फेब्रुवारी २०१८ मध्ये कळलं. जयंत वर्मा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१-अ कलम वैध ठरवलं. पण त्याच निकालात सांगितलं की ज्या राज्यात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आहे आणि बँकांची शेतीकर्जं त्या कायद्यात येतात, तिथे हे कलम आडवं येणार नाही. न्यायालयाने राज्यांसाठी दार उघडं ठेवलं आहे. त्या दारातून आत जायचं की नाही हे आपल्या विधानसभेतल्या २८८ जणांनी ठरवायचं आहे. केरळने २००६ साली कायदा करून शेतकरी कर्जनिवारण आयोग नेमला. महाराष्ट्राने का नेमू नये?

म्हणून पत्रं दोन.

आमदाराला: तिसाव्या नोंदीखाली महाराष्ट्राने शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा, बँकांची शेतीकर्जं त्यात घ्यावीत, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल होणार नाही असं त्यात लिहावं.

खासदाराला: बँकिंग नियमन कायद्याच्या २१-अ कलमातून शेतीकर्ज वगळावं, आणि बँक असो वा फायनान्स कंपनी, शेतकऱ्याच्या कर्जाला दामदुपटीची मर्यादा कायद्याने लावावी. जमिनीची मर्यादा नको.

बाकी काही लिहू नका. विम्याचं पत्र वेगळं लिहू, विजेचं वेगळं लिहू.

पत्र कसं लिहायचं

आधी बँकेकडून लेखी घ्या: आजअखेर येणे रक्कम किती, त्यात मुद्दल किती, व्याज किती. हे यासाठी की खातं बुडीत धरलं की पुष्कळदा पासबुकात व्याज पडायचं थांबतं. माणूस समजतो वाढ थांबली. तडजोडीला बसलं की मग आकडा बाहेर येतो. म्हणून तोंडी नको, अर्ज देऊन लेखी.

पत्र स्वतःच्या हाताने लिहा. छापील मजकुरावर हजार सह्या पाठवल्या तर तो एक कागद धरला जातो. हजार हातांची हजार पत्रं आली तर ती ठेवायला कपाट लागतं. लिहिता येत नसेल तर नातवाकडून, सुनेकडून लिहून घ्या, सही किंवा अंगठा आपला. आकडे खरे टाका. एक रुपया वाढवू नका, एका खोट्या आकड्याने शंभर खरी पत्रं बाद होतात. खात्याचा पूर्ण नंबर आणि आधार नंबर पत्रात लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरे. मॅनेजरला शिव्या नकोत. तोही नोकर आहे आणि नियम त्याने केलेला नाही.

खासदारांच्या पत्राचा नमुना असा:

"मा. खासदार साहेब यांस, स. न. वि. वि.
आम्ही अमुक तालुक्यातल्या तमुक गावचे कोरडवाहू शेतकरी, आपले मतदार. आमची जमीन … एकर, पिकं कापूस, तूर, ज्वारी. सन … साली बँकेकडून शेतीकर्ज रु. … घेतलं. आजवर भरले रु. … बँकेच्या लेखी उत्तराप्रमाणे आज येणे रु. …, त्यात मुद्दल रु. … आणि व्याज रु. …
मुद्दल आम्हाला मान्य आहे. मुद्दलाएवढं व्याजही मान्य आहे. त्यावरचं मान्य नाही. शेतीकर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येणार नाही असा कायदा जमिनीची मर्यादा न लावता व्हावा आणि २१-अ कलमातून शेतीकर्ज वगळावं, ही विनंती.
येत्या अधिवेशनात आपण अर्थमंत्र्यांना पुढील प्रश्न विचारावा: या जिल्ह्यात बँकांच्या किती शेतीकर्ज खात्यांत येणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त झालं आहे, आणि त्यातली पाच एकरांवरच्या शेतकऱ्यांची किती?
आपण काय केलंत ते कळवावं. कळावे."

पत्राची ताकद त्या प्रश्नात आहे. एका माणसाच्या खात्याची माहिती सभागृहात मिळत नाही, बँक गुप्ततेचं कारण सांगते. पण जिल्ह्याचा आकडा मागता येतो आणि मिळालेलं उत्तर छापलं जातं. आज हा आकडा कुणी जाहीर करत नाही. जोवर आकडा नाही तोवर आपलं दुःख म्हणजे गाऱ्हाणं. आकडा आला की तो विषय झाला.

आमदाराच्या पत्रात मजकूर तोच ठेवा, मागणी वर सांगितली ती आणि प्रश्न सहकारमंत्र्यांना: ४४-अ कलमाचा लाभ जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती सभासदांना दिला?

वेळ सांभाळा. लोकसभेत प्रश्नासाठी किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. विधानसभेलाही मुदत असते. अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलेलं पत्र पुढच्या अधिवेशनाला उपयोगी पडतं. म्हणून महिनाभर आधी टाका. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिसळलं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. गावातली दहा पत्रं मिळून एकाने तालुक्याला न्यावीत. पण पाकिटं दहाच ठेवा, एकात कोंबू नका.

उत्तर आलं नाही तर महिन्याने दुसरं पत्र, पहिल्याची तारीख घालून. उत्तर आलं तर ते या अंकाकडे पाठवा, आम्ही छापू. कुणी प्रश्न विचारला ते छापू, कुणी विचारला नाही तेही छापू.

दोन शंका

पहिली शंका: पत्राने काय होतं? एका पत्राने काही होत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी लोकसभेत शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचं खासगी विधेयक मांडलं. २०१९ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं. स्वातंत्र्यानंतर संसदेत मंजूर झालेली खासगी विधेयकं अवघी चौदा आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. म्हणजे एका खासदाराने कितीही जोर लावला तरी भागत नाही. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. प्रत्येकाच्या टेबलावर आपल्या मतदाराच्या हातचा, आपल्या तालुक्याचा, खऱ्या आकड्याचा कागद पडला पाहिजे. त्याच्या पक्षाला काय वाटतं हे नंतर. आधी त्याला कळू दे की त्याच्या मतदारसंघात ही गोष्ट लोकांना ठाऊक झाली आहे. मोर्चा, धरणं, रस्ता रोको आपण सोडत नाही. पण मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात ज्याला बोलायचं आहे त्याच्या हातात कागद लागतो, तो आपणच द्यायचा.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे. दामदुप्पट लावली तर बँका कर्ज देणं बंद करतील. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नका, बँकवाले हेच सांगतील. त्यांना विचारा, एकरकमी तडजोडीच्या योजना तुम्हीच काढता ना? तेव्हा व्याज तुम्हीच सोडता. मॅनेजरच्या मर्जीने आणि मार्चच्या उद्दिष्टासाठी जे सोडता येतं, ते कायद्याने सगळ्यांना सारखं सोडायला काय हरकत आहे? शिवाय आज थकलेलं खातं बँक दहा-दहा वर्षं पडू देते, कारण कागदावर आकडा वाढत असतो. वाढ थांबणार हे ठाऊक असेल तर बँकच लवकर येईल: पाऊस गेला, चला, हप्ते पाडून देतो. वेळेवर केलेल्या पुनर्गठनाने बँकेचं मुद्दलही वाचतं आणि कास्तकाराचा पुढचा हंगामही. आपण मुद्दल बुडवायला निघालेलो नाही, हे पत्रात लिहिलंच आहे.

आजचं काम

मंडपाच्या मागे टेबलं मांडली आहेत. कोरे कागद आहेत, पाकिटं आहेत. जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांचे आणि खासदारांचे पत्ते लिहून लावले आहेत. कॉलेजची पोरं लिहायला बसली आहेत. ज्यांच्याकडे बँकेचं लेखी उत्तर आहे त्यांनी आजच पत्र लिहावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी बँकेला द्यायचा अर्ज आज लिहून न्यावा आणि सोमवारी पोच घेऊन द्यावा.

ज्यांची जमीन पाच एकरांच्या आत आहे, कर्ज अल्पमुदतीचं आहे आणि तरी खात्यावर टाकलेलं व्याज मुद्दलाच्या वर गेलं आहे, त्यांनी वेगळ्या टेबलावर यावं. त्यांच्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. लोकपालाकडे तक्रारीला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

ज्या बहिणींच्या घरचा कर्ता माणूस गेला आणि खातं अजून त्याच्या नावावर वाढतं आहे, त्यांनी सगळ्यांत आधी यावं. त्यांचं पत्र आम्ही पहिल्यांदा लिहून देऊ.

सुप्याच्या शेतकऱ्यांना खतं जाळावी लागली, तेव्हा कुठे सरकारला हिशेब उघडावासा वाटला. त्यांना मत नव्हतं. आपल्याला मत आहे, कागद आहे, पोस्ट आहे. तेव्हा आता उठा, पासबुकं काढा आणि लिहायला बसा.